रोगी वाचला, असं समजा

एका जंगलात डॉक्टर तयार करायचं कॉलेज होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका, मुलांनो. सांगितलं तर तुमचे आईबाबा उद्याच तिथे प्रवेशासाठी रांग लावतील आणि माझी गोष्ट अर्धवट राहील.

कॉलेजच्या समोर ओढा होता. ओढ्याच्या पलीकडे इस्पितळ होतं. अलीकडे शिकायचं, परीक्षा द्यायची, मग ओढा ओलांडून पलीकडे जायचं आणि खऱ्या आजाऱ्यांना बरं करायचं, अशी व्यवस्था होती. व्यवस्था उत्तम होती. फक्त नवे डॉक्टर पलीकडे गेले, की खरा आजारी पाहून जागच्या जागी गोठायचे. एक ससा तर रक्त पाहिल्याबरोबर रोग्याच्याच शेजारी आडवा झाला. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टर हत्तीणबाई होत्या. त्यांनी निरोप धाडला, "मुलांना काम सोपवण्याआधी जरा हात चालवायला शिकवा. इथे खाटा कमी आहेत. त्या डॉक्टरांना पुरत नाहीत."

कॉलेजचे प्राचार्य होते बगळे सर. ते खरोखरीच बगळा होते. पांढरा डगला जन्मापासूनच अंगावर असल्यामुळे त्यांच्या विद्वत्तेबद्दल कोणी कधी शंका घेतली नव्हती. निरोप वाचून ते एका पायावर उभे राहिले, डोळे मिटले, आणि त्यांनी पूर्वतयारीचा वर्ग काढला.

वर्ग काढला म्हणजे रोगी हवा. खरा रोगी आणावा तर तो मधेच बरा होतो, नाहीतर मरतो, आणि दोन्हीमुळे वेळापत्रक बिघडतं. म्हणून सरांनी नोकरीवर एक रोगी ठेवला. दाजिबा तरस त्याचं नाव. दाजिबा पूर्वी नाटक मंडळीत मरणाऱ्या राजाची कामं करायचा. एका प्रयोगात पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांनी नायिका खाल्ली, तेव्हापासून मंडळी बंद होती. दाजिबा रिकामाच होता. तो पोटदुखी करायचा, सांधेदुखी करायचा, आणि त्याची मूळव्याध पाहायला तर शेजारच्या जंगलातून मंडळी यायची.

आता त्या वर्गाची एक रीत सांगतो. ती नीट ऐका, नाहीतर पुढे मला अडवून विचारत बसाल.

पहिल्या वर्षी ओढा आटला होता. परीक्षेत मुलांनी हात धुवायला पाणी मागितलं. सर म्हणाले, "हात धुतले असं समजा, एवढं म्हणा. मी समजून घेतो." मुलांनी म्हटलं, "हात धुतले असं समजा." सर म्हणाले, "समजलं." सगळ्यांनाच हे फार सोयीचं वाटलं. पुढच्या वर्षी ओढा दुथडी भरून वाहिला, परीक्षेच्या खोलीच्या उंबऱ्याला पाणी लागलं, तरी हात तोंडीच धुतले जात राहिले. मग नाडीही तोंडी बघू लागले. मग टाके तोंडी घालू लागले. आधी नमस्कार करायचा, मग आपलं नाव सांगायचं, मग "मी आपल्याला हात लावू का?" अशी परवानगी घ्यायची, आणि परवानगी मिळाली, की हात लावायचा नाही. "लावला असं समजा" म्हणायचं. हात चालवायला शिकवतात ते असं.

या कॉलेजात सगुणा साळिंदर शिकत होती.

साळिंदराच्या अंगावर केवढाले काटे असतात, तुम्ही चित्रात पाहिलं असेल. डॉक्टरने रोग्याला हात लावायची पद्धत असती, तर तिला कोणी दारातही उभं केलं नसतं. पण मुलाखतीत बगळे सर म्हणाले होते, "काटे नाहीत असं समजू." तिच्या करवंदीच्या जाळीत आजवर कोणी डॉक्टर झालं नव्हतं. जाळीत कोणी आजारी पडलं, की सगळे त्याच्याभोवती बसून राहायचे आणि तो बरा होतो की जातो ते बघायचे. सगुणाचा बाप असाच गेला होता. तिला ओढा ओलांडायचा होता. दुसरं तिला काही नको होतं.

वर्गात तिच्याजवळ कोणी बसत नसे, आणि त्यात त्यांची चूक होती असंही नाही. दाजिबा मात्र बसायचा. रंगभूमीवर त्याने इतके दगड खाल्ले होते, की त्याचं कातडं निबर झालं होतं.

"काका, आज तुमची सांधेदुखी फार छान झाली," एकदा मधल्या सुट्टीत बेहड्याच्या झाडाखाली सगुणा म्हणाली.

"छान कसली? तो काळवीट जांभया देत होता समोर. कलावंतापुढे जांभई देतात का?"

"काका, खरा आजारी कसा ओळखायचा? पलीकडे तुम्ही नसणार."

दाजिबाने तोंड वाकडं केलं. "खरा आजारी? अगदी टुकार काम करतो तो, पोरी. पाहिलेत ना मी. थोडं दुखत असेल तोवर बोंबलतो, तेवढं बरं करतो. पण जास्त झालं की गप्प होतो. हातवारे नाहीत, हुंदका नाही. बघणाऱ्याला काही मिळतच नाही. असलं काम मला जन्मात जमायचं नाही. मी विव्हळतोय तोवर तू खुशाल समज, दाजिबा ठणठणीत आहे."

सगुणाने हे लक्षात ठेवलं. पुस्तकात नव्हतं म्हणून लक्षात राहिलं असेल.

मग परीक्षा आली. हत्तीणबाई पलीकडून परीक्षक म्हणून आल्या आणि बसल्या. त्यांनी बसायला घेतलेली जागा पाहून उरलेले परीक्षक बाहेर उभे राहिले. सकाळी रोग होता गालगुंड. दाजिबाने गाल फुगलेला दिसावा म्हणून तोंडात एक टपोरा आवळा धरला होता. हा आवळा त्याचा स्वतःचा शोध होता आणि त्याचा त्याला गर्व होता. दुपारी रोग बदलला. दुपारी दमा होता. आता दम्यात गाल फुगवायचे नसतात, हे दाजिबाला ठाऊक होतं. पण टाळ्यांच्या नादात आवळा थुंकायचा राहिला आणि तो गालाच्या कोपऱ्यात तसाच बसून होता.

दुपारची पहिली पाळी सुधन्वा काळविटाची. हा वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. त्याची शिंगं सुंदर होती आणि उच्चार शिंगांहून सुंदर होते. त्याच्या मागे, दारात, सगुणा आपली पाळी यायची वाट बघत उभी होती.

"नमस्कार," सुधन्वा म्हणाला. "माझं नाव सुधन्वा. आपल्याला काय त्रास होतो?"

"दम... लागतोय... डॉक्टरसाहेब," दाजिबा म्हणाला, आणि दमेकऱ्याचा तो लांब श्वास त्याने असा ओढला, की समोरच्या वेलीची पानं हलली. त्या श्वासाबरोबर आवळा गालातून निघाला आणि घशात जाऊन घट्ट बसला.

दाजिबाचे डोळे मोठे झाले. त्याने तोंड उघडलं. तोंडातून काही आलं नाही.

"मी आपल्याला हात लावू का?" सुधन्वाने विचारलं.

दाजिबाने दोन्ही पंजांनी गळा धरला.

"होकार समजतो," सुधन्वा म्हणाला. "हात धुतले असं समजा. छाती तपासली असं समजा."

"समजलं," बगळे सर म्हणाले. पण त्यांचं लक्ष सुधन्वाकडे नव्हतंच. ते हत्तीणबाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "काय बारकावे आहेत बघा. जीभसुद्धा निळी केलीय."

"रंग कुठला वापरतात?" हत्तीणबाईंनी कौतुकाने विचारलं.

"विचारलं पाहिजे. बहुतेक जांभूळ असावं."

दाजिबा मागे भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली घसरू लागला. बाहेर उभ्या असलेल्या परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

सगुणा दारात उभी होती. तिला दाजिबा दिसत नव्हता, मधे सुधन्वाची शिंगं होती. तिला फक्त ऐकू येत होतं. सुधन्वाचा आवाज येत होता, सरांचा येत होता, टाळ्या येत होत्या. दाजिबाचा येत नव्हता. एवढ्या टाळ्या पडत असताना दाजिबा गप्प आहे, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"सर, काका गप्प झालेत."

"तुझी पाळी आली की बोल," सर म्हणाले.

"वाफ दिली असं समजा," सुधन्वा म्हणाला. "रोग्याला आता आराम वाटतो असं समजा."

"समजलं. उत्तम."

मुलांनो, तुम्ही सगुणाच्या जागी असता तर काय केलं असतं? उत्तर देऊ नका. तुम्ही पाळीची वाट बघितली असती. मीही बघितली असती. आत शिरलं तर नियम मोडतो, नियम मोडला तर नापास, नापास झालं तर वर्षभर पुन्हा हेच, आणि ओढा ओलांडायचा राहतो. हे सगळं सगुणाच्या डोक्यात आलं. आणि त्याच वेळी तिला करवंदीच्या जाळीत भोवताली बसलेले सगळे जण आठवले.

ती आत शिरली. तिने सुधन्वाला बाजूला सारलं, म्हणजे तो आपण होऊनच सरला, कारण काटे. तिने दाजिबाकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाठ केली. साळिंदर चाल करून जातं ते पाठमोरं जातं. तिने मागे सरकत येऊन तोवर जमिनीवर ओणवा झालेल्या दाजिबाच्या पाठीत, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून धडक दिली. मग दुसरी दिली.

आवळा सुटला. तो दाजिबाच्या तोंडातून बंदुकीतून निघावा तसा निघाला आणि समोर कौतुकाने उघड्या राहिलेल्या बगळे सरांच्या चोचीत जाऊन पडला. चोचीत पडलेली वस्तू बगळा आधी गिळतो आणि विचार मागाहून करतो. सरांनी आवळा गिळला.

मग दाजिबाने श्वास घेतला, आपल्या पाठीत किती काटे रुतले आहेत ते त्याला कळलं, आणि त्याने जी बोंब ठोकली ती पलीकडे इस्पितळात ऐकू गेली. सगुणाला रडू आलं. तिने आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

"नापास," बगळे सर म्हणाले.

"सर, त्यांचा श्वास अडकला होता."

"श्वास अडकला आहे असं समजायचं होतं. खरं मानायला कोणी सांगितलं होतं? तू नमस्कार केला नाहीस. नाव सांगितलं नाहीस. परवानगी घेतली नाहीस. वर रोग्याकडे पाठ केलीस. रोगी दमा घेऊन आला होता, आता त्याला काटे झालेत. हे काय बरं करणं झालं?" मग ते सुधन्वाकडे वळले. "बाळ, त्या काट्यांचं बघ जरा."

"काटे काढले असं समजा," सुधन्वा म्हणाला.

"समजलं."

सगुणाने दाजिबाला बेहड्याखाली नेलं आणि एकेक काटा दातात धरून उपसून काढला. प्रत्येक काट्याला दाजिबा ओरडत होता.

"हसतेस काय गं? इथे माझी चाळण झालीय."

"तुम्ही ओरडताय म्हणून हसतेय, काका."

दाजिबा थोडा वेळ काही बोलला नाही. सगुणाने घाबरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "आहे, आहे," तो म्हणाला. "विचार करतोय. मी जाऊन सांगतो त्यांना, की आवळा खरा होता. तुझं वर्ष फुकट नाही जाऊ द्यायचं."

दुसऱ्या दिवशी तो सरांसमोर उभा राहिला. हत्तीणबाईही होत्या. दाजिबा म्हणाला, "साहेब, कालचा माझा अभिनय नव्हता. मी खरंच मरत होतो. या पोरीने मला वाचवलं."

मुलांनो, आपला उत्तम अभिनय अभिनयच नव्हता, हे कलावंताला कबूल करावं लागणं काय असतं, ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

"वा," सर म्हणाले. "हेही छान केलंत."

"नाही हो. खरंच."

"दाजिबा, खरे रोगी असे नसतात. मी इतकी वर्षं बघतोय. कुठे बघतोय? तुमच्यातच बघतोय."

"घशात आवळा अडकला होता, साहेब."

"मग तो आवळा कुठे आहे?" हत्तीणबाईंनी विचारलं.

"सरांच्या पोटात."

"पोटात आहे असं समजायचं का?" हत्तीणबाईंनी सरांना विचारलं.

"समजू नका," सर घाईने म्हणाले. कॉलेज सुरू झाल्यापासून त्यांनी काही समजून घ्यायला नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. "दाजिबा, खरं असेल तर पुन्हा करून दाखवा."

दाजिबाने प्रयत्न केला. गळा धरला, डोळे मोठे केले, खाली घसरला. पण जीभ काही निळी होईना, आणि सवयीने तोंडातून विव्हळणं निघतच राहिलं.

"बघा," सर म्हणाले. "कालची सर नाही. म्हणजे काल प्रतिभेचा क्षण होता. पुन्हा येत नाही तो." आणि त्यांनी दाजिबाला शाल आणि श्रीफळ दिलं. आयुष्यभर ज्या शालीची वाट पाहिली ती दाजिबाला अशी मिळाली. त्याने ती बाहेर आणून सगुणाच्या अंगावर घातली. काट्यांत ती अशी अडकली, की परत काढता येईना. सगुणाने पुढचं सगळं वर्ष ती शाल पांघरूनच वर्गात काढलं.

पण प्रकरण मिटलं नाही. रोगी जमिनीवर पडला होता आणि मग उठून बोंबलला होता, हे हत्तीणबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढा जलद गुण त्यांच्या इस्पितळात कधी कोणाला आला नव्हता. त्यांनी समिती नेमली. समितीने पुष्कळ खाल्लं, पुष्कळ चर्चा केली आणि निष्कर्ष काढला, की गुण काट्यांमुळे आला. पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रमात धडक आली. प्रत्येक विद्यार्थ्याने कंबरेला डिंकाने काटे चिकटवायचे आणि पाठमोरं उभं राहायचं. ससे काटे लावून आले, हरणं काटे लावून आली, गोगलगायीने शंखावर काटे लावले आणि ती उलटी चालायच्या सरावाला दिवाळीतच निघाली. सगुणाचे काटे मात्र नियमात बसेनात. ते अंगाचे होते, डिंकाचे नव्हते. शेवटी तिने आपल्या काट्यांवर विकतचे काटे चिकटवले, तेव्हा तिला परीक्षेला बसू दिलं.

पुन्हा तोच दमा, पुन्हा तोच दाजिबा. सगुणाची पाळी आली.

"नमस्कार, माझं नाव सगुणा. मी आपल्याला हात लावू का?"

ती दाजिबाच्या तोंडाकडे पाहत होती, गालाच्या त्या कोपऱ्याकडे पाहत होती. दाजिबाच्या ते लक्षात आलं. त्याने दीर्घ श्वास घेतला आणि असा विव्हळू लागला, की आढ्याचे कोळी खाली पडले. तो हंबरला, छाती बडवली, कण्हत कण्हत जमिनीवर लोळला आणि मधूनच सगुणाकडे बघून त्याने एक डोळा मिटला.

सगुणाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. "धडक मारली असं समजा," ती शांतपणे म्हणाली. "रोगी वाचला असं समजा."

"समजलं," सर म्हणाले. "पास. प्रगती आहे." आणि अतिअभिनयाबद्दल त्यांनी दाजिबाचा एक दिवसाचा चारा कापला. तरस चारा खात नाही, म्हणून त्याचं फारसं बिघडलं नाही.

सगुणाने ओढा ओलांडला. ओलांडताना तिने पाण्यात थांबून हात धुतले. काठावर जमलेल्या मंडळींना ती काय करते आहे ते कळलं नाही.

इस्पितळात मोठा गलका होता. खाटाखाटांवर विव्हळणं चाललं होतं, आणि तिथे आता सुधन्वा हत्तीणबाईंच्या हाताखालचा मोठा डॉक्टर झाला होता. तो खाटांमधून फिरत होता. "औषध दिलं असं समजा. टाका घातला असं समजा." जो जोरात ओरडेल त्याच्याजवळ तो जास्त वेळ थांबत होता. कोपऱ्यातल्या खाटेवर एक रानडुक्कर होता. तो ओरडत नव्हता. त्याच्या हातात अर्धा खाल्लेला कंद होता आणि त्याचे डोळे मोठे झाले होते.

"हा बरा दिसतोय," सुधन्वा म्हणाला. "याला घरी सोडलं असं समजा."

सगुणाने अंगावरची शाल फाडून काढली, विकतचे काटे झटकून टाकले आणि ती खाटेजवळ जाऊन पाठ करून उभी राहिली.

"हे काय करतेस?" सुधन्वा ओरडला. "परवानगी घेतलीस का त्याची?"

"घेतली असं समज," सगुणा म्हणाली, आणि मागे सरकली.

तात्पर्य: आजारी पडलात तर भरपूर विव्हळावं. त्याने डॉक्टरांना हुरूप येतो, आणि तुम्हाला फार काही झालेलं नाही हे सगळ्यांना कळतं. खरोखरच काही झालं असेल, तर गप्प होण्याआधी परवानगी तेवढी देऊन ठेवावी. तुमच्याकडे तोंड करून गोड बोलणाऱ्या डॉक्टरचे आभार मानावेत, आणि तुमच्याकडे पाठ करणारा दिसला तर आशा सोडू नये. तुम्हाला बोध झाला, असं मी समजतो.